उशाकडची खरखर

१

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लोकांचं रक्त, लघवी, थुंकी आणि त्याहून नकोसं बरंच काही दिवसभर माझ्या हाताखालून जातं, आणि मधल्या सुट्टीत शेजारच्याच खोलीत बसून मी डबा खाते. नवरा म्हणायचा, किळस नावाचा भाग तुझ्यात बसवायचाच राहून गेलाय. मलाही तसंच वाटायचं.

घरी आल्यावर मात्र मला कोरड्या गोष्टी लागतात. ज्यांचं उत्तर हो किंवा नाही असतं, अशा. म्हणून मी डिजिटल सर्किटं जुळवते. दुसरं कुणी विणकाम घेऊन बसतं, मी सर्किट जुळवायचा भोकाभोकांचा ब्रेडबोर्ड, रंगीत वायरी आणि झुरळासारख्या दिसणाऱ्या काळ्या चिप्स घेऊन बसते. चिपच्या पायावर पाच व्होल्ट आहेत किंवा नाहीत. मधलं काही चालत नाही. त्यातून तयार काय होतं, तर एक दिवा लागतो आणि विझतो. नवऱ्याला याचं नवल वाटायचं. "एवढ्या खटाटोपानंतर दिवाच लागणार असेल तर बटण काय वाईट होतं?"

सासऱ्यांना, म्हणजे आमच्या दादांना, अर्धांगाचा झटका आला तेव्हा माझा हा नाद पहिल्यांदा घराच्या उपयोगी पडला. दादा बस कंडक्टर होते. खच्चून भरलेल्या बसच्या मागच्या टोकाहून त्यांनी आवाज दिला की ड्रायव्हर दचकायचा. झटक्यात त्यांची डावी बाजू गेली आणि आवाज घशातच राहू लागला. त्यांची खोली घराच्या एका टोकाला, स्वयंपाकघर दुसऱ्या टोकाला. मी त्यांच्यासाठी बेल केली. उजव्या हातात मावेल असं बटण. ते दाबलं की स्वयंपाकघरात लाल दिवा लागायचा, आणि आपण त्यांच्या खोलीत जाऊन बंद करेपर्यंत लागलेलाच राहायचा. सर्किट त्यांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर, आणि त्याचा प्लग त्यांच्या उशाकडच्या बोर्डात.

पहिल्या दिवशी दादांनी लागोपाठ दोनदा बटण दाबलं. मी धावत गेले.

"डबल बेल," ते म्हणाले, तोंडाच्या उजव्या कोपऱ्याने हसत. "सोडा गाडी."

काही दिवस सगळं ठीक चाललं. मग दिवा आपोआप लागायला लागला.

"दादा, बोलावलंत?"

"नाही गं."

बटण त्यांच्या हातापासून लांब, पायाशी पडलेलं असायचं. मी दिवा बंद करून स्वयंपाकघरात परत येईपर्यंत तो पुन्हा लागलेला.

"तुझं यंत्र तुझ्यावरच गेलंय," नवरा म्हणाला. "कुणी बोलावलं नाही तरी हजर."

२

कॉलेजातला माझा एक मित्र आहे. आम्ही सगळे त्याला हर्ट्झ म्हणतो, त्याची बायकोसुद्धा. इलेक्ट्रॉनिक्स हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. मी त्याला फोन केला.

"सप्लायमध्ये नॉइज असणार, विजेतली खरखर," तो म्हणाला. "प्रत्येक चिपला छोटा कपॅसिटर लावलायस ना?"

"लावलाय."

"चिपच्या पायाशी, की जागा मिळाली तिथे?"

"जागा मिळाली तिथे."

"अगं, चिप चालू-बंद होते तेव्हा तिला एकदम घोटभर करंट लागतो. तो शेजारी मिळाला नाही तर ती लांबून ओढते आणि सगळी लाइन हलते. बाकीच्या चिप्सना वाटतं, कुणीतरी बटण दाबलं."

मी कामाला लागले. प्रत्येक चिपच्या अगदी पायाशी कपॅसिटर आणला. सप्लाय आत येतो तिथे मोठा बसवला. ग्राउंडच्या वायरी जाड आणि आखूड केल्या. चिप्सचे न वापरलेले पाय मोकळे लोंबत होते, ते बांधून टाकले. बटणाच्या लांब वायरीवर फिल्टर घातला. ब्रेडबोर्ड इतका देखणा दिसायला लागला की मी त्याचा फोटो हर्ट्झला पाठवला.

दिवा लागतच राहिला.

मग मी एकेक गोष्ट वगळायला घेतली. बॅटरीवर चालवून बघितलं, दिवसभर एकदाही चुकीचा दिवा नाही. लांब वायर टाकून स्वयंपाकघरातल्या सॉकेटवरून सप्लाय घेतला, तेव्हाही शांत. दादांच्या उशाकडच्या बोर्डात प्लग घातला आणि मी खोलीच्या बाहेर पाऊल टाकेपर्यंत दिवा लागला. म्हणजे दोष माझ्या सर्किटचा नव्हताच. खरं सांगायचं तर मला आनंद झाला.

प्लग काढायला मी वाकले. बोर्डाच्या पांढऱ्या प्लॅस्टिकवर ओशट चकाकी होती. प्लग ओढला तो नेहमीसारखा खटकन सुटला नाही, हळूहळू सोडल्यासारखा सुटला. त्याच्या पितळी पिना ओल्या होत्या. पिनेपासून सॉकेटच्या भोकापर्यंत एक बारीक, पारदर्शक तार लोंबली, ताणली गेली आणि तुटली.

भिंतीत ओल आली असणार, मी मनाशी म्हटलं. ओलीत संपर्क बिघडतो, ठिणग्या पडतात, ठिणग्यांनी नॉइज येतो. हिशेब जुळत होता. फक्त पिना कोमट होत्या. आणि बोटांना जो वास आला तो ओल्या भिंतीचा नव्हता. सकाळी दात घासायच्या आधीच्या तोंडाचा असतो, तसा होता.

मी साबणाने हात धुतले. नंतर पुन्हा धुतले. तरी बराच वेळ बोटं एकमेकांना चिकटत होती.

३

ओला बोर्ड उशाशी असणं धोक्याचं होतं. मी बेल बॅटरीवर चालू केली, बोर्डाकडे जाणारी लाइन बंद केली आणि वायरमनला सांगितलं. तो रविवारी येतो म्हणाला. मी गप्प बसायला हवं होतं. पण हर्ट्झने विजेची चढउतार पडद्यावर दाखवणारा जुना ऑसिलोस्कोप पाठवला होता, आणि नॉइज दिसतो कसा ते मला बघायचं होतं. शनिवारी दुपारी दादांना पलंगाच्या अलीकडच्या कडेला सरकवून घेतलं, लाइन थोड्या वेळापुरती चालू केली आणि सप्लाय पुन्हा त्या बोर्डाला जोडला.

पडद्यावर हिरवी रेघ सरळ होती. मग तिच्यावर काटे उगवले. काट्यांचा एक झुबका, जरा विश्रांती, पुन्हा झुबका, पुन्हा विश्रांती. असे बरेच झुबके झाले की एकदा रेघ रुंद, सावकाश खाली वाकायची आणि वर यायची. मग सुरुवातीपासून पुन्हा तेच. ठिणग्या अशा शिस्तीत पडत नाहीत. ठिणग्यांना ठेका नसतो.

कधी कधी डोळ्यांना कळत नाही ते कानाला कळतं. मी कॉम्प्युटरचा छोटा स्पीकर घेतला आणि मधे एक कपॅसिटर टाकून तो सर्किटच्या सप्लायला जोडला. खरखर ऐकू आली. आवाज थोडा वाढवला.

कुणीतरी तोंड उघडं ठेवून चावत होतं.

चपचप. चपचप. ओल्या गालांचा, जिभेने घास इकडून तिकडे फिरवल्याचा, दातात अडकलेलं चोखून काढल्याचा आवाज. मधे नाकातून सोडलेल्या श्वासासारखी फुस्. मग रेघ खाली वाकली आणि स्पीकरमधून एक जाड, बुळबुळीत घुटका ऐकू आला.

मी दादांकडे बघितलं. डोळे मिटलेले, तोंड बंद. पण त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. स्पीकरमध्ये पुन्हा चावणं सुरू झालं. पुन्हा घुटका. पुन्हा दादांचा गळा हलला.

समोरच्याने जांभई दिली की आपल्याला येते, तसंच हे. आवाज ऐकून ते नकळत गिळत असतील. मी स्पीकर काढला, लाइन बंद केली. माझ्या स्वतःच्या तोंडात लाळ साठली होती आणि ती गिळायला मन होईना. बेसिनपाशी जाऊन थुंकले.

४

वायरमन रविवारी सकाळी आला. बडबडा माणूस. बोर्डाचे स्क्रू काढताना त्याने मला तीन घरांच्या भानगडी सांगितल्या.

"ताई, बोर्ड जुना आहे, संपर्क गेला असणार. आत्ता बदलून..."

झाकण निघालं आणि तो बोलायचा थांबला. वास आधी आला. दार लावलेल्या खोलीत कुणी महिनाभर तोंडाने श्वास घेत पडलं असावं, तसा कोंदट, शिळा. बोर्डामागचा डबा काठोकाठ भरलेला होता. करडा, ओला, मऊ लगदा. झाकण काढल्यावर तो किंचित फुगला आणि एक गोळा सुटून उशीच्या अभ्र्यावर पडला.

वायरमनने तोंडावर हात दाबला. खिडकीपाशी जाऊन दोन उमासे दाबून परत आला.

"जेवण भरलंय कुणीतरी यात," तो दबक्या आवाजात म्हणाला. मग दादांकडे बघून आणखी दबक्या आवाजात, "म्हाताऱ्या माणसांचं होतं असं. माझी आजी गादीखाली लपवायची. रागवू नका त्यांना."

मला एकदम हलकं वाटलं. अर्थातच. दादा नको असलेला घास बोर्डाच्या फटीत कोंबत होते. तो कुजला, ओल झाली, ठिणग्या पडल्या. किळसवाणं होतं, पण समजण्यासारखं होतं. एका हाताने, झोपल्या झोपल्या, स्क्रू लावलेल्या झाकणाच्या आत त्यांनी ते कसं भरलं, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. मी तो बाजूला ठेवला.

वायरमनने जुन्या कागदात लगदा उपसला. आतल्या वायरींची वेष्टणं रंग उडून पांढुरकी झाली होती, गोळी चोखून चोखून होते तशी. लाल कुठली आणि काळी कुठली ते कळत नव्हतं. डब्याच्या तळाला प्लॅस्टिकच नव्हतं, तिथे भोक होतं. किती खोल आहे ते बघायला त्याने लांब स्क्रूड्रायव्हर आत घातला. तो मुठीपर्यंत गेला.

"ही बाहेरची भिंत ना?" त्याने विचारलं.

"हो. पलीकडे रस्ता."

त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून भिंतीची जाडी बघितली. परत येऊन भोकात रुतलेल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघितलं, तो भिंतीच्या जाडीहून लांब होता. पुन्हा खिडकीकडे. मग त्याने स्क्रूड्रायव्हर बाहेर ओढायला घेतला आणि त्याला जोर लावावा लागला. तो सुटला तेव्हा चुंबन घेतल्यासारखा आवाज झाला. त्याची जुनी, गंजलेली दांडी लखलखीत स्वच्छ निघाली होती.

पुढचं काम त्याने एक शब्दही न बोलता उरकलं. नवा डबा, नवी वायर, नवा बोर्ड. मी चहा ठेवला होता. तो न घेताच निघाला.

"पुन्हा काही झालं तर दुसऱ्या कुणाला बोलवा," जिन्यातून तो म्हणाला. स्क्रूड्रायव्हर तिथेच स्टुलावर राहिला होता. त्याला सांगितलं तर म्हणाला, "नको मला."

५

नवरा दुपारी दादांपुढे खुर्ची ओढून बसला.

"दादा, नको असेल तर नको म्हणा. पण भिंतीत काय भरून ठेवता? शॉक लागला असता."

"मी नाही भरलं," दादा म्हणाले.

"मग कोण आलं भरायला?"

"मी नाही भरलं रे. तिथून येतं."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. डॉक्टर म्हणालेच होते की झटक्यानंतर माणूस काहीबाही बोलतो. पण तो नेहमी असा पटकन मान खाली घालणारा नव्हता. हे मला नंतर आठवलं.

त्या संध्याकाळी दादांचं ताट भरलेलंच परत आलं तेव्हा मी पहिल्यांदा नीट विचार केला. माझी ड्यूटी सकाळी, नवऱ्याची प्रेसमधली दुपारनंतर. सकाळ-दुपारचं तो भरवायचा, संध्याकाळचं मी. मी घास पुढे केला की दादा म्हणायचे, पोट भरलंय. मला वाटायचं, दुपारी नवऱ्याने भरपूर घातलेलं दिसतंय.

"दुपारी किती खाल्लं त्यांनी?" मी विचारलं.

"काहीच नाही. रात्री तू पोटभर भरवतेस ना?"

आम्ही दोघं दादांच्या खोलीच्या दारात गेलो. दादांचे गाल भरले होते. गळ्याखाली वळी आली होती. झोपून झोपून झालेल्या पाठीच्या जखमा, ज्या काही केल्या भरत नव्हत्या, त्या भरून कोवळी गुलाबी कातडी आली होती.

उशीवर पडलेल्या गोळ्यातला थोडा भाग मी बाटलीत घालून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये काचेवर घेतला. मला घरचा भात, घरची भाजी, वर वाढलेली बुरशी बघायची होती. एकदा ते दिसलं की संपलं असतं.

बुरशी नव्हतीच. गालाच्या आतल्या अस्तराच्या पेशी होत्या, थरच्या थर, ढिगाने. माणूस काहीही चावतो तेव्हा त्यात या पेशी येतात, पण चार-दोन. एवढ्या यायला तोंड केवढं लागेल, हा विचार मी अर्ध्यात तोडला. पेशींच्या मधे मांसाचे तंतू होते, आडवे पट्टे स्पष्ट दिसणारे. आमच्या घरात कुणी मांस खात नाही.

शेजारच्या टेबलावरची सहकारी डोकावली. "कुणाचं गं? उलटी दिसतेय."

"हो," मी म्हटलं.

पण उलटी आंबट असते. मी तपासून बघितलं, आंबटपणाचा मागमूसही नव्हता. हे कुणाच्या पोटात गेलेलंच नव्हतं. कुणीतरी ते नीट, बारीक, मन लावून चावलं होतं आणि न गिळता ठेवलं होतं. लहान लेकरासाठी ठेवावं तसं.

मी बाटली जाळायच्या कचऱ्यात टाकली. मधल्या सुट्टीत डबा उघडला, पहिला घास तोंडात घातला आणि चावायला लागले. चपचप. मी तो कागदात काढून टाकला. त्या दिवसापासून माझं जेवण तसंच आहे.

६

त्याच आठवड्यात लॅबचं यंत्र बंद पडलं आणि मी लवकर घरी आले. नवरा नुकताच कामावर गेला असावा, त्याचा चहाचा कप अजून गरम होता. दुपारचं ऊन दादांच्या खोलीतून बाहेर पॅसेजमध्ये पडलं होतं. दार अर्धवट लोटलेलं.

तो आवाज मला स्पीकरशिवाय ऐकू आला.

दादा भिंतीकडे वळलेले होते. झटक्यापासून ते आपले आपण कुशीवर वळले नव्हते, आम्ही दोघं मिळून वळवायचो. आता त्यांचा डावा हात, तो मेलेला हात, भिंतीवर सपाट टेकलेला होता आणि बोटं हळूहळू भिंत कुरवाळत होती. नव्या बोर्डाचं झाकण एका बाजूला वळलेलं होतं. दादांचं तोंड भोकाला लावलेलं. गाल आत जात होते, बाहेर येत होते. हनुवटीवरून करड्या रंगाचा ओघळ गळ्याच्या वळीत उतरत होता.

मी एक पाऊल मागे सरकले. माझ्या हातातली पिशवी दाराला लागली.

दादांनी डोकं मागे घेतलं. त्यांच्या ओठांमधून काहीतरी निसटून भिंतीत गेलं. फिक्कट गुलाबी, अंगठ्याएवढं जाड, ओलं. मी स्वतःला सांगितलं की ती दादांची जीभ. पण दादांची जीभ त्या वेळी त्यांचे ओठ चाटत होती. बोर्डाचं झाकण वळलं आणि टक् करून जागेवर बसलं. कुणीच हात लावला नव्हता.

"आलीस लवकर?" दादा म्हणाले. स्पष्ट, खणखणीत. आणि हसले. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांनी.

मी न्हाणीघरात जाऊन ओकले. पोटात काही नव्हतं, तरी ओकत राहिले.

७

संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने वाद घातला नाही. आम्ही दादांना उचलून आमच्या खोलीत आणलं, त्यांची खोली बंद केली, कडी लावली. दादा विरोध करत नव्हते. फक्त मान वळवून त्या दाराकडे बघत होते.

त्या खोलीत त्यांनी अन्न घेतलं नाही. मी मऊ करून दिलं, पातळ करून दिलं, मिक्सरमधून काढून दिलं. ओठ घट्ट मिटून घ्यायचे. एकदा नवऱ्याने चमचा जबरदस्तीने आत घातला तर त्यांनी तोंड वाकडं करून सगळं बाहेर सोडलं. आपण सडलेल्या फळाचा चावा थुंकतो ना, तसं.

"शी," ते म्हणाले. "कुणी चावलेलंसुद्धा नाही."

डॉक्टरांनी नाकातून नळी घातली. दादांनी ती उपटली. पुन्हा घातली, पुन्हा उपटली. गळ्याखालची वळी गेली, मग गाल गेले. डावा हात पुन्हा लाकडासारखा झाला. पाठीच्या जखमा उघडल्या. आवाज घशात परत गेला आणि त्या घशातून दिवसभर एकच शब्द यायचा. "भूक." अन्न समोर ठेवलं की मान फिरवायचे आणि पुन्हा तेच. "भूक."

एका सकाळी मी ड्यूटीला निघाले तर नवरा जिन्याच्या पायरीवर बसला होता. रडून झालेलं तोंड.

"आपण त्यांना मारतोय," तो म्हणाला.

"मग काय करायचं? परत तिथे न्यायचं?"

त्याने मान हलवली.

"तू बघितलं नाहीस म्हणून तुला सुचतंय हे. मी बघितलंय. त्या भिंतीतून काय..."

"मी पण बघितलंय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"कधी?"

"तुझ्या आधी. खूप आधी."

"आणि गप्प राहिलास? मी चिप्स तपासत बसले होते, वायरमन बोलावला, आणि तू..."

"वजन वाढत होतं त्यांचं." त्याने वर बघितलं. "माझ्या हातून एक घास घेत नव्हते ते. डॉक्टरांनी आशा सोडली होती. आणि ते जगत होते. मी दार लोटून घ्यायचो आणि बाहेर चहा पीत बसायचो. तूच सांग, काय करायला हवं होतं मी?"

मला त्याची किळस आली. लग्नानंतर पहिल्यांदा, आणि अशी की त्याने माझा हात धरला तेव्हा मी तो काढून घेतला.

तरी त्या सकाळी मी ड्यूटीला गेले नाही. आम्ही दादांना उचललं. त्याने खांदे धरले, मी पाय. पाय काटकीसारखे झाले होते. कडी काढली. पलंगावर ठेवल्याबरोबर दादांचं डोकं आपोआप भिंतीकडे वळलं, आणि भिंतीतून खरखर सुरू झाली. हलकी, घाईची. दादांनी तोंड उघडलं.

आम्ही बाहेर आलो आणि नवऱ्याने दार लोटलं.

८

आता दादा बरे आहेत. बरे म्हणजे काय, डॉक्टरांनी विद्यार्थ्यांना दाखवायला त्यांचे फोटो काढून नेले. ते उठून बसतात, दोन्ही हातांनी वर्तमानपत्र धरून मोठ्याने वाचतात, खिडकीतून खालच्या बसवाल्यांना ओरडतात. कातडी तुकतुकीत झाली आहे, जरा जास्तच. त्यांना अंघोळ घालताना स्पंज घसरतो.

बेल त्यांना हवीच असते. तिच्या सप्लायसाठी मी मेन लाइनवरच चांगला फिल्टर बसवला आहे. आता दिवा चुकून लागत नाही. लाल दिवा दिसला की समजायचं, दादांनीच बोलावलंय.

नवरा खूश आहे. आम्ही त्या विषयावर बोलत नाही. मीच तेवढी उतरले आहे. अन्न शिजवते, वाढते, घास तोंडाशी नेते. पण चावायला लागले की तोंडात काय तयार होतंय ते मला जाणवत राहतं. लगदा, लाळ, कोमट. गिळवत नाही. पाण्यावर आणि बिस्किटांवर दिवस काढते, तीही चहात बुडवून, न चावता. हातातल्या बांगड्या मनगटातून आपोआप निघायला लागल्या म्हणून काढून ठेवल्या.

काल दुपारी दिवा लागला. मी गेले.

दादा भिंतीला टेकून बसले होते. ओठ ओले. उजवी मूठ मिटलेली, डाव्या हाताने तिच्यावर पालथं झाकण घातलेलं, चिमणीचं पिल्लू धरल्यासारखं.

"ये, बस," ते म्हणाले. "काय अवस्था करून घेतलीस पोरी. गळ्याची हाडं दिसतात. काही खात नाहीस ना?"

"खाते, दादा."

"खोटं बोलू नकोस. घरातलं माणूस उपाशी राहिलं की कळतं. सगळ्यांनाच कळतं."

भिंतीत हलकी खरखर झाली. बोलणं ऐकणाऱ्याने हुंकार द्यावा तशी.

दादांनी मूठ उघडली. करडा, मऊ गोळा होता. त्यातून वाफ निघत होती. वरच्या अंगाला जिभेने गुळगुळीत केल्याची खूण होती, आणि दादांच्या बोटांच्या फटींतून पातळ लाळ गळून अंथरुणावर पडत होती.

"तुझ्यासाठी वेगळं दिलंय," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत इतकी माया होती की मला बघवेना. "एकदम बारीक केलंय. तुला चावायची गरजच नाही."

तो वास नाकात शिरला. मी तोंडावर हात दाबला आणि दाराकडे वळले. वळले, पण पाय उचलला नाही. हाताच्या मागे, मिटलेल्या ओठांच्या आत, माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.